एका सूर्याची प्रत : मोनेच्या 'सूर्योदया'वरच्या कामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

काम ठरलं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या 'इम्प्रेशन, सूर्योदय' या चित्राची तैलरंगात प्रत करायची, मूळ मापात. म्हणजे ४८ बाय ६३ सेंटिमीटर. एवढं गाजलेलं चित्र एवढंसंच आहे हे पुष्कळांना खरं वाटत नाही. २०१९ साली पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले, तेव्हा मलाही वाटलं नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या एका तावदानात ते सहज मावेल.

प्रत कशासाठी, तर एका प्रश्नासाठी. शाळेत चित्रकला शिकवते. ऊन काढायचं म्हटलं की मुलांचा हात पांढऱ्या ट्यूबकडे जातो, हे दरवर्षी बघते. माझाही जायचा. आणि इथे एक चित्र आहे, त्यातला सूर्य पांढरा नाही, पिवळाधमकही नाही, तरी दीडशे वर्षं तो तळपतोय. हे कसं होतं ते पुस्तकात वाचलंय. हाताला कळलेलं नाही. हाताला कळेपर्यंत वर्गात सांगायचं नाही असं ठरवलंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रंग आणले. मोनेने १९०५ साली आपल्या चित्रविक्रेत्याला, द्युराँ-र्‍युएलला लिहिलेल्या पत्रात आपले रंग मोजून सांगितले आहेत: शिशाचा पांढरा, कॅडमियम पिवळा, हिंगूळ, गडद मॅडर (किरमिजी), कोबाल्ट निळा आणि हिरवा. बस्स. 'सूर्योदय' त्याच्या तेहेतीस वर्षं आधीचं, तेव्हा पॅलेट थोडं वेगळं असणार, पण जात हीच. काळा नाही, मातकट तपकिरी नाहीत.

यातले बरेचसे रंग त्या पिढीला नवे होते. कोबाल्ट निळा १८०२ सालचा. कारखान्यात केलेला अल्ट्रामरीन निळा १८२०च्या दशकातला. विरिडियन हिरव्याचं पेटंट १८५९चं. त्याआधी दगडाचा अल्ट्रामरीन सोन्याच्या भावाने मिळायचा. आणि जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाची दाबता येणारी ट्यूब काढली नसती, तर हे रंग घेऊन बंदरावर किंवा शेतात जाणंच अवघड होतं. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून नेत. टोचून रंग काढायचा आणि भोक खिळ्याने बुजवायचं. तो सुकायचा, फुटायचा.

माझी अडचण पांढऱ्याची. शिशाचा पांढरा विषारी, तो घरात आणायचा नाही. दुकानात मिळतो तो टिटॅनियम, आणि तो विसाव्या शतकातला. फार आक्रमक रंग आहे. शेंगदाण्याएवढा घातला की निळ्याचा जीव जातो, सगळं खडूसारखं होतं. झिंक पांढरा अर्धा अर्धा मिसळून बघितलं, बरंच मऊ झालं. हिंगुळात पारा असतो, म्हणून त्याजागी कॅडमियम लाल आणि नारिंगी.

९ नोव्हेंबर, रविवार

समोर ठेवायला तीन छापील प्रती जमवल्या आणि डोकं फिरलं. एकीत आभाळ हिरवट, दुसरीत जांभळट, तिसरीत करडं. सूर्य एकीत टोमॅटो, दुसरीत संत्रं.

दिवसभर विचार करून एक गोष्ट केली. तिन्हींचे मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढले. रंग बाजूला गेले आणि फक्त उजळ-गडद उरलं. तिन्हींमध्ये तेच घडलं: होड्या राहिल्या, डोलकाठ्या राहिल्या, सूर्य जवळजवळ पुसला गेला. आहे कुठे हे शोधावं लागतं.

हे मी शोधलेलं नाही. हार्वर्डच्या मेंदूविज्ञान संशोधक मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांनी ते आधीच दाखवून दिलंय. मोनेच्या सूर्याचा उजळपणा भोवतालच्या आभाळाइतकाच आहे. आपल्या मेंदूत दृष्टीची कामं वाटलेली आहेत. एक भाग फक्त उजेड-अंधार ओळखतो, वस्तू कुठे आहे, हलते की स्थिर आहे हे तो सांगतो. त्याला रंग कळत नाही. दुसऱ्याला रंग कळतो. या सूर्यासमोर पहिला भाग म्हणतो, इथे काहीच नाही. दुसरा म्हणतो, इथे केशरी पेटलंय. दोघांचं जमत नाही आणि सूर्य जागच्या जागी थरथरतो.

मोनेला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याने डोळ्याने पाहिलं आणि हाताने पकडलं. मला त्याच्याविषयी जे प्रेम वाटतं ते इथून सुरू होतं.

करड्याची एक पट्टी करून ठेवली, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची. आभाळ साधारण सहाव्या पायरीवर येतं. सूर्यही सहावीवरच बसवायचा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मुद्दाम आजच कॅनव्हास इझेलवर चढवला. टेक्सासचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी सूर्याची जागा, भरतीची वेळ, हवामानाच्या नोंदी आणि चित्रातल्या धुराची दिशा ताडून या दृश्याचा दिवस काढला: बहुतेक १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी साडेसातच्या सुमारास. भरती हा त्यातला मोठा पुरावा. चित्रात मोठी जहाजं आहेत, आणि ती त्या बंदरात पाणी चढलेलं असतानाच आत-बाहेर करू शकत.

जागा ल आव्र, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं बंदर. मोने लहानाचा मोठा झाला तो याच गावात. बंदरासमोरच्या हॉटेलची खिडकी, तोंड आग्नेयेला. समोर बाहेरची गोदी, डावीकडे जहाजांच्या डोलकाठ्या आणि धुराडी, उजवीकडे याऱ्या. १८७० च्या युद्धात फ्रान्स हरला, पॅरिसने वेढा सोसला, आणि दीड वर्षातच हे बंदर असं धूर ओकत कामाला लागलेलं. हे चित्र म्हणजे नुसता निसर्ग नाही. धुक्यात कारखान्यांचा आणि बोटींचा धूर मिसळलाय. आपण पोस्टरवर ते बघतो तेव्हा धूर विसरतो.

आज फक्त पातळ रंगाने जागा नेमल्या. क्षितिज बरंच वर, चित्राच्या वरच्या भागात. तीन होड्या एकीमागे एक तिरक्या, पुढची सर्वांत गडद, मागची जवळजवळ पाण्यात विरघळलेली. या तीन होड्याच चित्राला खोली देतात. रेषेचा यथादर्शनाचा खेळ कुठेच नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

चार तास आभाळ आणि पाणी.

राखाडी रंग काळा न घालता करायचा, ही आजची खरी परीक्षा. कोबाल्ट निळा, पांढरा, किंचित विरिडियन, आणि मग निळ्याला मवाळ करायला त्याच्या समोरचा रंग: चिमूटभर नारिंगी. काळ्याने केलेलं राखाडी शेजारी लावून पाहिलं. फरक डोळ्यात भरला. काळ्याचं राखाडी भिंतीच्या सिमेंटसारखं, बंद. नारिंगीने केलेल्या राखाडीत आत कुठेतरी ऊब राहते, आणि पुढे त्याच्यावर नारिंगी सूर्य येणार आहे म्हणजे दोघांचं नातं आधीच जुळलेलं.

लंडनच्या नॅशनल गॅलरीने मोनेच्या 'सेंट-लझार स्थानक' या १८७७ च्या चित्राच्या रंगांची तपासणी केली आहे. इंजिनांचा आणि छपराचा तो काजळी रंगही निळे, हिरवे, लाल, पिवळे मिसळून केलेला. काळा जवळजवळ नाहीच.

इथे शेव्ह्रलची गोष्ट लिहून ठेवते, वर्गात लागेल. मिशेल शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ, १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाई खात्याचा प्रमुख. तक्रार आली की निळ्या-जांभळ्या विणीतला काळा धागा फिका दिसतो. त्याने धागा तपासला. धाग्यात काहीच खोट नव्हती. काळा फिका दिसत होता तो शेजारामुळे. यातून त्याने रंगांच्या परस्पर परिणामांवरचा ग्रंथ लिहिला, १८३९ मध्ये. एक रंग शेजारच्या रंगाला स्वतःच्या उलट बाजूला ढकलतो. निळ्याशेजारी केशरी अधिक केशरी होतं. आपल्याकडे पैठणी विणणाऱ्याला किंवा काठपदर निवडणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. मोरपिशी अंगाला कुठला काठ उठून दिसेल ते तिची नजर सांगते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

होड्या झाल्या. गडद रंग विरिडियन आणि मॅडर मिसळून. हिरवा आणि किरमिजी एकमेकांना इतकं मारतात की जवळजवळ काळा होतो, पण त्या काळ्याला हिरवट झाक द्यायची की जांभळट हे आपल्या हातात राहतं.

पुढच्या होडीतला उभा माणूस म्हणजे मोनेचे पाच-सहा फटकारे. मी वीस मारले आणि तो बाहुला झाला. चिंधीने पुसला, सपाट ब्रशने सातांत आणला. आता माणूस वाटतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज फसलं.

सूर्य मारला. नारिंगीत पिवळा आणि पांढरा घातला, कारण मनात कुठेतरी तेच होतं: सूर्य आहे, आभाळापेक्षा उजळ हवा. पट्टी भिंतीवर लावलेली असून तिच्याकडे बघितलंही नाही. आठव्या पायरीचा, फिकट केशरी, गोल, स्वच्छ.

मागे सरून पाहिलं तर कपाळावर चिकटवलेली टिकली. उजेड नावाला नाही. भोवतीचं आभाळही एकदम मळकं दिसायला लागलं, सकाळपर्यंत ते छान होतं. पांढऱ्याने दोघांचंही नुकसान केलं. सूर्य फिका पडला आणि आभाळ अंधारलं. आता तो फक्त एक उजळ ठिपका होता आणि मेंदूच्या दोन्ही भागांना तो सारखाच कळत होता, त्यामुळे थरथर संपली.

सुरीने खरवडला. खरवडताना खालचा निळा ओला असल्याने वर आला आणि चिखल झाला. टर्पेंटाइनच्या चिंधीने नाण्याएवढी जागा पुसून टाकली. सुकू दे.

मनापासून वाईट वाटलं. पण या कामातलं सर्वांत मोलाचं जे कळलं ते आजच कळलं, हेही लिहून ठेवते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पहाटेच्या लोकलने आणि पुढे टॅक्सीने भाऊच्या धक्क्यावर. मुंबईचं बंदर पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे इथे पाण्यावर सूर्योदय दिसतो. थंडीच्या दिवसांत समोर उरणच्या बाजूला धुरकट पडदा असतो. मच्छीमार बोटींचं काम जोरात, बर्फाच्या लाद्या, ओरडा, डिझेलचा वास.

सूर्य वर आला तेव्हा पडद्यामुळे क्षणभर त्याच्याकडे बघता आलं. लालसर केशरी, कडा स्पष्ट. मोबाइलवर कृष्णधवल फोटो घेतला. फोटोत सूर्य पांढराफेक. करड्या आभाळात भोक पाडल्यासारखा.

म्हणजे खऱ्या सूर्याचा उजेड आभाळापेक्षा जास्तच असतो. मोनेने तो मुद्दाम खाली आणला. कारण कागदावर, कॅनव्हासवर आपल्याकडे सूर्याएवढा उजेड असतच नाही. सर्वांत पांढरा रंगसुद्धा खोलीतल्या भिंतीपेक्षा फार उजळ होऊ शकत नाही. उजेडाच्या शर्यतीत चित्रकार आधीच हरलेला. म्हणून त्याने शर्यतच बदलली, उजेड सोडला आणि रंगावर बाजी लावली. दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकार निसर्ग जसा दिसतो तसा उतरवत होते असं आपण परीक्षेच्या उत्तरात लिहितो. या सूर्यापुरतं ते खरं नाही. डोळ्यात जे घडतं ते पुन्हा घडवण्यासाठी त्याने समोरचं बदललं.

३० नोव्हेंबर, रविवार

सूर्य दुसऱ्यांदा.

कॅडमियम नारिंगी आणि लाल, पांढरा अजिबात नाही. पट्टीशेजारी धरून डोळे किलकिले करून पाहिलं, आभाळापेक्षा गडद वाटला. थेंबभर पिवळा. पुन्हा किलकिले. रंगाचा गोळा पॅलेट नाइफच्या टोकावर घेऊन आभाळासमोर धरला आणि डोळे अर्धे मिटल्यावर टोकावरचा रंग दिसेनासा झाला. फक्त पात्याची कड दिसत होती. हाच तो.

एका झटक्यात लावला, ब्रश फिरवून, पुन्हा हात लावला नाही.

मागे गेले. पेटला.

संध्याकाळी ट्यूबलाइट लावली तर जरा निवला, सकाळी खिडकीच्या उजेडात परत पेटला. मोबाइलने कृष्णधवल फोटो काढला. आभाळ, धूर, होड्या. सूर्याच्या जागी अगदी पुसट वर्तुळ. मुलीला फोटो दाखवून विचारलं, "यात सूर्य कुठाय?" तिने दोनदा चुकीच्या जागी बोट ठेवलं.

७ डिसेंबर, रविवार

पाण्यातलं प्रतिबिंब. केशरी आडवे फटकारे, जाड, वरून खाली तुटत तुटत आलेले. मूळ चित्रात बाकीचा रंग पातळ आहे आणि हे फटकारे मात्र उठून आलेत, जवळून बघताना ते लक्षात राहिलं होतं. इथे सूर्यापेक्षा थोडा उजळ रंग चालतो.

एक गैरसमज मी स्वतः वर्गात पसरवलाय, तो दुरुस्त करायला हवा. दृक्प्रत्ययवादी शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवत आणि मिश्रण डोळ्यात होई, असं मी सांगत आले. ते खरं तर जॉर्ज सरा या चित्रकाराचं तंत्र, 'ग्रांद जात' हे त्याचं चित्र १८८६ मध्ये दृक्प्रत्ययवादी गटाच्या आठव्या आणि शेवटच्या प्रदर्शनात लागलं. मोने ओल्यात ओलं मिसळतो, पॅलेटवर मिसळतो, कॅनव्हासवरही मिसळतो. त्याची खुबी ठिपक्यात नाही. तो फटकारा मोडून ठेवतो, त्याच्या शेजारी काय येणार हे पक्कं ठाऊक असल्यासारखा.

मोनेच्या या चित्राने साऱ्या गटाला 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव दिलं तो प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. १५ एप्रिल १८७४ ला छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत प्रदर्शन उघडलं, यादीसाठी नाव हवं होतं म्हणून मोनेने 'इम्प्रेशन' म्हणायला सांगितलं, आणि लुई लरुआ या समीक्षकाने 'शारिव्हारी' या विनोदी वृत्तपत्रात त्याच शब्दावरून साऱ्या गटाची टर उडवली. मला जास्त लागतं ते पुढचं. एर्नेस्त ऑशदे या संग्राहकाने हे चित्र ८०० फ्रँकला घेतलं आणि त्याचं दिवाळं निघाल्यावर १८७८ मध्ये ते २१० फ्रँकला गेलं. चार वर्षांत चौथाईवर. मोने त्या काळात उधारीसाठी पत्रं लिहीत होता.

१४ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालं. डावा डोळा अजून व्हायचाय. चित्र त्यांच्या खोलीत खिडकीसमोर ठेवलं होतं, उजेड चांगला म्हणून. मी थेंब घालायला गेले तर ते एक डोळा हाताने झाकून बसलेले. मग दुसरा झाकला. मग परत पहिला.

"अगं, ही दोन चित्रं आहेत."

"म्हणजे काय हो बाबा?"

"या डोळ्याने बघतो तेव्हा सगळं चहाच्या पाण्यात बुडवल्यासारखं. सूर्य आहे, पण आभाळात मुरलाय. आणि या नव्या डोळ्याने... किती निळं केलंयस गं हे! सूर्य नुसता बाहेर येतोय."

मी त्यांच्या शेजारी पलंगावर बसले. त्यांच्या डाव्या डोळ्यातलं भिंग पिवळट तपकिरी झालंय, ते निळा अडवतं. निळा गेला की केशरीला ढकलणारा शेजारीच गेला. चित्र तेच, रंग तेच, आणि सूर्य विझलेला.

मोनेचं हेच झालं होतं. १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान, त्यानंतर त्याची चित्रं तांबूस होत गेली, त्याच्या बागेतल्या जपानी पुलाची ती शेवटची चित्रं तर गंजलेल्या लोखंडासारखी. तो ट्यूबवरची नावं वाचून रंग घ्यायचा. जानेवारी १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मग त्याला सगळं फार निळं दिसू लागलं. डाव्याला त्याने हात लावू दिला नाही. म्हणजे काही काळ त्याच्याजवळही, बाबांसारखी, प्रत्येक दृश्याची दोन चित्रं होती. त्याच डोळ्यांनी त्याने कमळांचे ते भिंतभर कॅनव्हास सुधारले आणि ते पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात लागले १९२७ मध्ये, तो गेल्यावर काही महिन्यांनी.

बाबांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दुसरा डोळा होईपर्यंत हे इथेच असू दे."

२१ डिसेंबर, रविवार

मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं: प्रत, १३ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर २०२५. डाव्या कोपऱ्यात मोनेची सही आहे, 'क्लोद मोने ७२'. तिथे मी काहीच लिहिलं नाही, पाणीच ठेवलंय.

रंग आतून सुकायला सहा महिने लागतील. त्यानंतरही वॉर्निश लावणार नाही. या मंडळींना वॉर्निशची चकाकी नको असायची, सगळ्या रंगांवर एकच पिवळसर काच बसते म्हणून.

बाबांचा डावा डोळा जानेवारीत आहे. तोवर रोज सकाळी चहा झाला की ते एकदा या डोळ्याने, एकदा त्या डोळ्याने बघतात, आणि मला स्वयंपाकघरात हाक मारून आज कितपत पेटलाय ते सांगतात.